रक्त घेण्याचा कायदा झाला, जपण्याचा झाला नाही
(आर. के. पुरम, नवी दिल्ली येथे मराठी भाषिक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयासाठी एखाद्या वकिलाला किंवा शास्त्रज्ञाला पाचारण करणे अधिक उचित झाले असते. मी कलाशाखेची पदवीधर. माझे काम पक्षाच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करण्याचे. परंतु 2019 चे डीएनए विधेयक, त्यावरील संसदीय स्थायी समितीचा अहवाल आणि 2022 चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम हे तिन्ही दस्तऐवज माझ्या हाताखालून गेले. वाचक एखाद्या अवघड शब्दावरून पुढे सरकू शकतो. अनुवादकाला तेथे थांबावेच लागते. त्या थांबण्यातून जे ध्यानात आले, तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपण ज्या वसाहतीत जमलो आहोत, तिचे या विषयाशी दुहेरी नाते आहे. येथील ईस्ट ब्लॉक 7 मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे मुख्यालय दीर्घकाळ होते. 1986 मध्ये स्थापन झालेला हा विभाग आता महिपालपूर येथे हलविण्यात आला आहे. देशभरातील पोलिसांनी घेतलेली बोटांचे ठसे, डोळ्यांची छायाचित्रे, रक्तादी नमुने व त्यांचे पृथक्करण यांची नोंद 75 वर्षे जतन करण्याचे काम 2022 च्या कायद्याने याच विभागाकडे सोपविले आहे. विसाव्या वर्षी पकडलेल्या मुलाची नोंद त्याच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत राहावी, अशी ही तरतूद आहे.

दुसरे नाते सेक्टर 3 मधील रविदास कॅम्प या झोपडवस्तीशी. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री मुनिरका येथून निघालेल्या बसमध्ये एका तरुण विद्यार्थिनीवर जो अमानुष अत्याचार झाला, त्यातील चार आरोपी या वस्तीत राहणारे होते. त्या खटल्यात बसमधील रक्ताचे डाग, लोखंडी सळ्या, आरोपींचे कपडे यांवरील डीएनए जुळल्याचा पुरावा निर्णायक ठरला. 5 मे 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. नमुने घेण्यात गैरप्रकार किंवा फेरफार झाल्याचे दिसत नसेल तर असा पुरावा स्वीकारला पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती. (20 मार्च 2020 रोजी देण्यात आलेल्या फाशीच्या शिक्षेविषयी माझे मत वेगळे आहे; तो आजचा विषय नव्हे.)

आता त्याच वर्षातील, याच शहरातील दुसरे प्रकरण पाहा. 9 फेब्रुवारी 2012 रोजी नैऋत्य दिल्लीतील छावला भागातून नोकरीवरून घरी परतणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला पळवून नेण्यात आले आणि तिचा मृतदेह पुढे हरियाणात सापडला. येथेही डीएनए जुळल्याचा अहवाल होता. 2014 मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली व त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही मुक्त केले. कारणे वाचण्यासारखी आहेत. 14 व 16 फेब्रुवारीला जप्त केलेले नमुने प्रयोगशाळेकडे रवाना झाले 27 फेब्रुवारीला. मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला मुद्देमालाची खोली म्हणतात तेथे, पडून होते. त्या अवधीत फेरफार झालाच नाही असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय तज्ज्ञाने तो निष्कर्ष कशाच्या आधारे काढला, योग्य पद्धती वापरली की नाही, याची छाननी खालच्या दोन्ही न्यायालयांनी केलेली नव्हती. 49 साक्षीदारांपैकी 10 महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नव्हती.

या निकालानंतर बराच गदारोळ झाला आणि तो समजण्याजोगा होता. त्या मुलीच्या आईवडिलांच्या हाती दहा वर्षांनंतर काहीच उरले नाही. तिकडे तीन माणसांनी तारुण्याची दहा वर्षे तुरुंगात काढली, त्यातील बहुतेक काळ फाशीच्या छायेत. ते अपराधी होते की नव्हते, हे आता कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. दोन्ही प्रकरणांत विज्ञान तेच होते. एका खटल्यात नमुन्याचा प्रवास न्यायालयाच्या कसोटीला उतरला, दुसऱ्यात उतरला नाही.

कॉम्रेड्स, येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या तंत्राला आपला विरोध नाही, असण्याचे कारणही नाही. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात 1984 मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी या पद्धतीचा शोध लावला. दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ती प्रथम वापरली गेली, तेव्हा तिचे पहिले फळ एका निरपराध तरुणाची सुटका हे होते. पोलिसांपुढे त्याने कबुलीजबाबही देऊन टाकला होता! ज्या देशात कबुलीजबाब कसे मिळवले जातात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, त्या देशात अशा साधनाचे मोल मोठे आहे. हैदराबादचे डॉ. लालजी सिंग यांनी ही विद्या आपल्याकडे स्वबळावर उभी केली, याचा अभिमान आपण बाळगला पाहिजे.

परंतु त्याच इंग्लिश प्रकरणाचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. आसपासच्या गावांतील पाच हजारांवर पुरुषांचे रक्त तपासण्यात आले आणि खरा खुनी त्यातून निसटला. त्याने आपल्या जागी बेकरीतल्या एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठविले होते. त्या सहकाऱ्याच्या तोंडून ही गोष्ट बाहेर फुटली, म्हणून 1987 मध्ये तो सापडला. प्रयोगशाळेने चूक केली नव्हती. कुपीवर लिहिलेले नाव खोटे होते.

हे वाचताना मला पुण्याची आठवण झाली. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका धनिक बांधकाम व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. ससून रुग्णालयात त्या मुलाचे रक्त घेण्यात आले. ते बदलण्यात आले आणि त्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवण्यात आले, असा पोलिसांचा आरोप आहे. त्यावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. पोलिसांनी दुसऱ्या रुग्णालयात मुलाचे रक्त पुन्हा घेऊन त्याची वडिलांच्या डीएनएशी तुलना करविली, तेव्हा ससूनमधील नमुना त्याचा नाही हे उघडकीस आले. म्हणजे फसवणूक नमुन्याच्या पातळीवर झाली आणि ती पकडली डीएनए चाचणीनेच. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. मात्र सारा महाराष्ट्र त्या प्रकरणाकडे पाहत नसता, तर दुसरा नमुना घेतला गेला असता का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता कायद्याकडे वळू. डीएनए तंत्रज्ञान (वापर व उपयोजन) नियमन विधेयक 8 जानेवारी 2019 रोजी लोकसभेत संमत झाले, पण ती लोकसभा विसर्जित झाल्यामुळे रद्दबातल ठरले. जुलै 2019 मध्ये ते पुन्हा मांडण्यात आले व जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीकडे गेले. समितीचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला. विधेयकात प्रयोगशाळांना मान्यता देणारे नियामक मंडळ होते, राष्ट्रीय व प्रादेशिक डीएनए पेढ्या होत्या, माहिती फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. त्यात दोषही गंभीर होते. गुन्हा सिद्ध झालेल्यांबरोबर निव्वळ संशयितांच्या व कच्च्या कैद्यांच्या स्वतंत्र सूची पेढीत ठेवायच्या होत्या. समितीतील कम्युनिस्ट खासदार कॉ. बिनय विश्वम यांनी, आणि असदुद्दीन ओवैसी यांनीही, भिन्न मतपत्रिका जोडल्या.

दरम्यान एप्रिल 2022 मध्ये ओळखविषयक कायदा दोन्ही सभागृहांत तीन दिवसांच्या आत संमत झाला आणि 4 ऑगस्ट 2022 पासून अमलात आला. त्याने इंग्रजी अमदानीतील 1920 चा बंदी-ओळख कायदा रद्द केला. तो जुना कायदा वसाहतवादी होता, असे मंत्रिमहोदयांनी सभागृहाला सांगितले. खरे आहे. पण त्या वसाहतवादी कायद्याला बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्रे पुरत होती, तीही एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यांत. नव्या कायद्याच्या ‘मोजमाप’ या शब्दात ठशांपासून ‘जैविक नमुने व त्यांचे पृथक्करण’ येथपर्यंत सर्व काही सामावले आहे, आणि गुन्हा कोणताही चालतो. या शब्दाशी मी दोन दिवस झगडले. मोजमाप उंचीचे होते, छातीचे होते, शेताचे होते. रक्ताचे मोजमाप म्हणजे काय? अखेर कायद्याने केलेला घोटाळा मराठीत जसाच्या तसा ठेवला.

आणि मग 24 जुलै 2023 रोजी डीएनए विधेयक मागे घेण्यात आले. 2022 चा कायदा झाल्यावर त्याची गरज उरली नाही, असा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. नमुना घेण्याचा अधिकार 2022 च्या कायद्यात आला, हे खरे. परंतु प्रयोगशाळांना मान्यता कोणी द्यायची, नमुना कोणी कसा हाताळायचा, चाचणीच्या दर्जाची शाश्वती कोण देणार, यांविषयी त्या कायद्यात काही नाही. सदोष का होईना, ते ज्या विधेयकात होते तेच सरकारने गुंडाळले. राज्ययंत्रणेने अधिकार ठेवून घेतला, जबाबदारी सोडून दिली.

जी पोकळी संसदेने ठेवली ती न्यायालयाला आदेश देऊन भरावी लागत आहे. 15 जुलै 2025 रोजी तामिळनाडूतील एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: नमुना घेताना डॉक्टर, तपास अधिकारी व स्वतंत्र साक्षीदार यांच्या सह्या हव्यात, तो 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाल्यास कारण नोंदवले पाहिजे, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीविना पुडके उघडता कामा नये, आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवली पाहिजे. छावल्याच्या त्या मुलीसाठी एवढी एक वही असती तर!

या पेढीत कोणाची नावे जमा होतील, याविषयी महाराष्ट्राला अनुभव आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच पोलिसांच्या वहीत घातले. 1911 च्या कायद्याने त्याच्या बोटांचे ठसेही घेतले. सोलापूरच्या सेटलमेंटची काटेरी तार पाहिलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आज आपल्या मोर्चांत आहे. 1952 मध्ये तो कायदा गेला, वही गेली नाही. 2003 मधील नाशिककडील एका खून व बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा जणांना फाशी झाली व 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जण निर्दोष ठरविले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. त्या सहा जणांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ज्यांच्याकडे पोलीस प्रथम वळतात त्यांचेच नमुने प्रथम घेतले जाणार, आणि ज्यांचे नमुने आधीच साठ्यात आहेत त्यांच्याकडेच पोलीस पुन्हा वळणार.

एक हरकत नेहमी घेतली जाते: स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 20(3) मध्येच आहे ना? मुंबई राज्याच्या एका अपिलात 1961 मध्ये अकरा न्यायाधीशांनी ठसे व हस्ताक्षर देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे ठरविले आणि पुढचे निर्णय त्याच वाटेने गेले. तेव्हा केवळ या कलमावर विसंबून चालणार नाही. 2017 मध्ये मान्य झालेला खासगीपणाचा अधिकार अधिक उपयोगी पडू शकेल.

शेवटी, मोर्चे व घेराव करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सप्टेंबर 2022 च्या नियमांप्रमाणे केवळ जमावबंदीचा आदेश मोडल्याबद्दल वा प्रतिबंधक अटकेत असलेल्यांची मोजमापे घ्यावयाची नाहीत. दुसरा गुन्हा जोडला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अटकेच्या वेळी कोणती कलमे लावली, हे लिहून घ्या. स्त्रिया वा बालकांविरुद्धचा गुन्हा किंवा सात वर्षे अथवा अधिक शिक्षेचा गुन्हा नसेल, तर जैविक नमुना देण्यास अटकेतील व्यक्ती नकार देऊ शकते. हे 2022 च्या कायद्याच्या कलम 3 मध्येच आहे, पण ठाण्यात कोणी सांगत नाही. नकार तोंडी व शांतपणे द्या, वकिलाकरवी लेखी नोंदवा. झटापट करू नका, कारण ठसे वा छायाचित्रांना प्रतिकार करणे हा वेगळा गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्याचा आदेश आला तर प्रश्न निराळा होतो. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत वैद्यकीय तपासणीची मागणी कोणताही पोलीस अधिकारी करू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि निर्दोष सुटलेल्यांविषयी. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि सर्व अपिले संपून सुटका झाली असेल, तर नोंद नष्ट झाली पाहिजे, असे कायदा म्हणतो. पण ती आपोआप होत नाही. नियमांनुसार त्या व्यक्तीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे विनंती करावयाची आहे. गिरणीच्या संपात पकडलेल्या कामगाराला पाच-सात वर्षांनी सुटल्यावर हे कोण सांगणार? या अर्जाचा मराठी व हिंदी मसुदा मी तयार केला आहे. त्याच्या प्रती मागच्या मेजावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या जिल्ह्यात असे खटले निकालात निघाले आहेत, त्यांनी जाताना घेऊन जाव्यात.