इंजिनाचा श्वास आणि तेलाचा डबा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विज्ञानातील एखाद्या उपयोगी विषयावर बोलावे, अशी मला सूचना होती. मी निवडलेला विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. वेगवान मोटारगाडीच्या इंजिनाला एक लहानसा डबा बसवतात. त्याला 'ऑइल कॅच कॅन' म्हणतात. आपल्यातील कितीतरी मुले गॅरेजात काम शिकत आहेत, काही आयटीआयला जात आहेत, आणि ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना ती अधिक जोरात पळावी अशी हौस आहे. हा डबा बाजारात लाल-निळ्या चकचकीत रूपात मिळतो. कोणी तो शोभेसाठी बसवतो, तर कोणी चुकीचा बसवून चांगले इंजिन घालवतो. तेव्हा हा डबा करतो काय, तो कोणाला लागतो आणि बसवताना काय सांभाळावे, याचा आज विचार करू.

प्रथम इंजिनाच्या आत पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण त्या कितीही नेमक्या बसवल्या तरी थोडा वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. याला 'ब्लो-बाय' म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल असते, जळलेला धूर असतो आणि पाण्याची वाफही असते. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले, की त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. क्रँककेसमध्ये तेलाचे बारीक तुषार सतत उडत असतात, तेही या वायूत मिसळतात.

हा वायू बाहेर पडलाच पाहिजे. तो कोंडला तर दाब वाढतो, ऑइल सील फाटतात, कधी डिपस्टिकसुद्धा वर उचलली जाते. जुन्या गाड्यांत याला उपाय सोपा होता. एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे आणि सारी घाण हवेत जाई. पुढे अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरावर धुरकट, डोळे चुरचुरणारे धुके साचू लागले. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, गाड्यांतून निघणाऱ्या इंधनाच्या वाफांवर व नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते. तेव्हा १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातील नव्या गाड्यांत आणि १९६३ पासून सर्व अमेरिकेत हा वायू नळीने परत इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडण्याची योजना आली. ती 'पीसीव्ही' या नावाने ओळखली जाते. आज आपल्या भारत स्टेज नियमांतही क्रँककेसचा वायू उघड्या हवेत सुटता कामा नये अशी अट आहे.

यामुळे हवा वाचली, पण इंजिन आपलाच मळका श्वास परत घेऊ लागले. साध्या इंजिनात याचा फारसा त्रास होत नाही. पेट्रोल आत येणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारले जाते आणि तेलाचा थर धुऊन निघतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. व्हॉल्व्ह धुण्यास काही उरत नाही आणि तेल तापून त्यावर काजळीचे कडक थर चढतात. त्यात टर्बो असला तर दाब जास्त, म्हणून निसटणारा वायूही जास्त. तेलाचा लेप इंटरकूलरच्या आत बसून हवा नीट थंड होत नाही. शिवाय तेलाचे तुषार पेट्रोलात मिसळले, की इंधनाची ठोका सोसण्याची शक्ती घटते.

आपल्या जवळचे उदाहरण देतो. पुण्याजवळ चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही गाडी २०१३ साली बाजारात आली. इंजिन अवघे १२०० सीसीच्या आतले, पण टर्बो व डायरेक्ट इंजेक्शन यांच्या जोरावर १०५ पीएस शक्ती देणारे. पोलोचे उत्पादन येथे २०२२ मध्ये थांबले, तरी त्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि हौशी तरुण त्यांची शक्ती आणखी वाढवून घेतात. अशा इंजिनांच्या संदर्भात कॅच कॅनचा विचार होतो.

आता डब्याचे काम. स्वयंपाकघरात भजी तळताना वर थंड ताट धरले, तर त्यावर पाणी व तेल दोन्ही जमतात. डब्यातही तेच घडते. गरम वायू थंड पत्र्याला लागतो आणि वाफेचे थेंब होतात. आत आडव्या पट्ट्या किंवा तारेची जाळी असते. वायू हलका असल्याने चटकन वळून जातो. तेलाचा थेंब जड, तो जडत्वामुळे वळू शकत नाही, जाळीवर आपटतो आणि तळाशी उतरतो. पाठ्यपुस्तकातील जडत्व आणि संघनन हे दोन धडे या एका डब्यात आहेत. ज्या डब्यात जाळी वा पट्ट्या नाहीत, तो निव्वळ रिकामा डबा होय. विकत घेण्याआधी झाकण उघडून आत पाहावे.

बसविण्याचे काम इंजिन थंड असताना करावे. टर्बो व सायलेन्सरच्या पाईपपासून दूर, हवा लागेल अशा जागी डबा पक्क्या पट्टीवर आवळावा. मूळ नळीपेक्षा कमी व्यासाची नळी कधीही वापरू नये. ती तेल व उष्णता सोसणारी असावी. पाण्याची साधी रबरी नळी काही दिवसांत मऊ पडते आणि ओढीने चपटी होते. नळीला मध्ये झोळ नसावा, कारण तेथे पाणी साचते. आत येणारे व बाहेर जाणारे तोंड यांची अदलाबदल करू नये. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून टाकू नये. टर्बो गाडीत वायूला सहसा दोन वाटा असतात. सावकाश चालताना तो मॅनिफोल्डकडे जातो आणि टर्बोचा दाब चढला की टर्बोच्या तोंडाकडे. डबा कोणत्या वाटेवर आहे, हे कंपनीचा नकाशा पाहूनच ठरवावे. सर्व क्लिपा घट्ट असाव्यात, नाहीतर बाहेरची हवा शिरून इंजिन अडखळू लागते. गाडी वॉरंटीत असेल, तर कंपनीला विचारल्याशिवाय हात लावू नये.

काहीजण डब्यावर लहान फिल्टर लावून वायू मोकळा सोडतात आणि 'शर्यतीच्या गाडीला असेच असते' म्हणतात. शर्यतीचा नियम काय आहे, तेही ऐका. आंतरराष्ट्रीय संघटना एफआयएच्या नियमांत वायू उघडा सोडणाऱ्या इंजिनांना तेल धरणारा डबा लागतो. २००० सीसीपर्यंत किमान दोन लिटरचा आणि त्यावर तीन लिटरचा. ट्रॅकवर तेल सांडून मागचा चालक घसरू नये, हा त्याचा हेतू. शर्यतीचा ट्रॅक काही तासांचा असतो. आपल्या गल्लीत मुले खेळतात आणि म्हातारी माणसे दारात बसतात. तेथे वायू बंद मार्गानेच परत गेला पाहिजे.

डबा बसवला की काम संपत नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर उघडून पाहावा आणि किती साचते त्यावरून पुढचा हिशेब ठेवावा. अर्धा भरण्यापूर्वी रिकामा करावा. भरून वाहिला तर ते सारे एकदम इंजिनात ओढले जाते. हिवाळ्यात दुधाळ चहासारखा रस निघाला तर घाबरू नये, ते तेलात मिसळलेले पाणी असते. ते पुन्हा इंजिनात घालू नये आणि गटारातही ओतू नये. वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावे. लडाख, काश्मीरकडे गाडी नेणाऱ्यांनी जास्त जपावे. तेथे नळीत पाणी गोठले, की इंजिनाचा श्वासच बंद होतो.

माझा एक माजी विद्यार्थी गॅरेजात काम करतो. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आले. डबा तीन-चारशे किलोमीटरमध्येच काठोकाठ भरत होता, म्हणून त्यांना दुप्पट मोठा डबा हवा होता. मोठा डबा विकला असता, तर त्याच दिवशी चार पैसे सुटले असते. पण त्याने आधी कॉम्प्रेशन तपासले. एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला. दोष डब्याचा नव्हता, रिंगा झिजल्या होत्या. त्याने मालकाला ते आकडे दाखवले आणि मोठा डबा घेऊ नका असे सांगितले. मालक प्रथम नाराज झाले, दुसरीकडे विचारून आले आणि शेवटी काम त्याच्याच हाती दिले.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाने असा डबा मागितला तर रागावू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. 'हा काय करतो आणि आपल्या गाडीला का लागतो,' एवढे त्याला विचारा. उत्तर देता आले, तर तो शिकला आहे. या डब्याने शक्ती वाढत नाही. आहे ती टिकते, इतकेच. आणि विद्यार्थी मित्रहो, गॅरेजात जाणार असाल तर भौतिकशास्त्राचे पुस्तक बरोबर न्या. डब्यात काय साचले ते पाहणारा कारागीर इंजिनाची नाडी ओळखतो. जे दिसले ते गिऱ्हाइकाला खरे सांगतो, त्याच्याकडे लोक पुन्हा येतात.