घरचा धंदा, टीव्हीवरचे शार्क आणि वाटणीचा कागद

(लोणावळा इथं तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मला विषय दिला होता 'स्टार्टअप'. मी तो जरा बदलून घेतला. कारण इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरी धंदा आधीच आहे. कुणाची बेकरी, कुणाचं गॅरेज, कुणाचं चिक्कीचं काम, कुणी पर्यटकांना दोन खोल्या भाड्यानं देतो. यातला एखादा मुलगा रात्री मोबाईलवर 'शार्क टँक' बघतो आणि सकाळी अब्बांना म्हणतो, आपणही टीव्हीवर जाऊ. अब्बा म्हणतात, आधी दुकानाचं शटर उघड. मी आज दोघांच्याही बाजूनं बोलणार आहे.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे जे लिहिलेलं नाही ते मशीन करत नाही. घरच्या धंद्यात उलटं असतं. सगळं चालू असतं आणि कुठंच काही लिहिलेलं नसतं. माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी हा कार्यक्रम काय आहे ते पाहू. याची सुरुवात जपानमध्ये 2001 साली झाली. 2005 मध्ये तो ब्रिटनमध्ये 'ड्रॅगन्स डेन' झाला, 2009 मध्ये अमेरिकेत 'शार्क टँक', आणि 20 डिसेंबर 2021 पासून आपल्याकडे सोनीवर 'शार्क टँक इंडिया'. धंदेवाला सांगतो, मला इतके पैसे हवेत, बदल्यात कंपनीचा इतका हिस्सा देतो. समोरचे गुंतवणूकदार प्रश्न विचारतात, मग हो किंवा नाही. हे लक्षात ठेवा की टीव्हीवर हात मिळवला म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. नंतर कागदपत्रं तपासली जातात, आणि तिथं पुष्कळ सौदे गळतात.

आता आपल्या महाराष्ट्रातली तीन घरं घेऊ.

पहिलं मालेगाव तालुक्यातलं. शेतकऱ्याचा मुलगा कमलेश घुमरे, सोबत त्याचा चुलतभाऊ. पाठीवर पंप घेऊन फवारणी करावी लागू नये म्हणून त्यानं सायकलच्या चाकावर चालणारं यंत्र बनवलं. डिझेल नको, पेट्रोल नको. पहिल्या सीझनमध्ये त्यानं 10 टक्क्यांसाठी 30 लाख मागितले. म्हणजे त्याच्या मते धंद्याची किंमत 3 कोटी. लेन्सकार्टचे पीयूष बन्सल यांनी दिले 40 टक्क्यांसाठी 10 लाख. म्हणजे किंमत झाली 25 लाख. पण वर 20 लाखांचं कर्ज दिलं, शून्य टक्के व्याजानं.

टीव्हीसमोर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण गणित करू. समजा हेच 20 लाख 12 टक्क्यांनी घेतले असते, तर वर्षाला 2 लाख 40 हजार व्याज भरावं लागलं असतं. ते वाचलं. दुसऱ्या बाजूला पहिल्याच दिवशी 40 टक्के हिस्सा गेला. उद्या आणखी पैसा लागला की आणखी हिस्सा जाणार. सौदा चांगला की वाईट, यावर इथं दोन मतं होतील आणि व्हायला हवीत. पण टाळ्यांआधी हे गणित आलं पाहिजे.

दुसरं घर पुण्यातलं, योगेश आणि अश्विनी शिंदे या जोडप्याचं. 'बांबू इंडिया'. बांबूचे टूथब्रश आणि रोजच्या वापराच्या वस्तू. त्यांना पहिल्या सीझनमध्ये 3.5 टक्क्यांसाठी 50 लाख आणि वर 30 लाखांचं कर्ज, असा सौदा मिळाला. हा धंदा आपल्या मावळपट्ट्याला जवळचा आहे, कारण बांबू आपल्याही बांधावर आहे. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडणं आणि विकणं सोपं झालं. कायद्यातली एक ओळ बदलली की एखाद्या धंद्याची वाट मोकळी होते, हे नोंदवून ठेवा.

तिसरं घर मुंबईचं. 'पाटील काकी'. गीता पाटील घरी पुरणपोळी, मोदक, चकली करून विकायच्या. मुलगा विनीत आणि त्याचा साथीदार धंद्यात आले, ऑनलाईन विक्री वाढवली. 2023 च्या सुरुवातीला दुसऱ्या सीझनमध्ये त्यांना 4 टक्क्यांसाठी 40 लाखांचा सौदा मिळाला, म्हणजे धंद्याची किंमत 10 कोटी. मला यात आवडलेली गोष्ट किमतीची नाही. स्वयंपाक करणारी बाई ब्रँडच्या नावात आहे आणि गुंतवणूकदारांसमोर स्वतः उभी आहे. आपल्या किती घरांत असं आहे?

आता लोणावळ्यात या. बोरघाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली, आणि घाटात राबणाऱ्या मजुरांना गूळदाणी विकता विकता चिक्की जन्मली असं सांगतात. समजा आपल्यातलंच एक घर चिक्की करतं. अम्मी आणि मोठी आपा मिळून दिवसाला 40 डबे भरतात. डब्याची किंमत 120 रुपये. शेंगदाणे-गूळ 50, डबा आणि पॅकिंग 12, गॅस आणि लाईट 8, दुकानदाराचं कमिशन 30. झाले 100. उरले 20. चाळीस डब्यांचे 800 रुपये रोज. भाईजान टीव्हीवर जाऊन सांगणार, आमचा धंदा नफ्यात आहे.

शार्क पहिला प्रश्न विचारेल, चिक्की करणाऱ्यांचा पगार किती? भाईजान म्हणणार, पगार कशाला, घरच्याच आहेत. आता दोघींना बाहेरच्यासारखी 400-400 रुपये मजुरी लावा. झाले 800. नफा शून्य.

म्हणजे ज्याला आपण नफा म्हणत होतो तो अम्मी आणि आपाचा न दिलेला पगार होता. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. घरी जाऊन खरे आकडे घाला. काही घरांत नफा उरेल, काही घरांत उरणार नाही. पण ही बेरीज केल्याशिवाय कुणासमोर उभं राहू नका.

आता 'टिकाऊ' या शब्दाकडे येतो. हल्ली पिचमध्ये 'सस्टेनेबल' म्हणायची पद्धत आहे. कागदी पिशवी लावली की झालो सस्टेनेबल. लोणावळ्यात हे इतकं सोपं नाही. इथल्या पावसात चिक्की उघडी राहिली तर मऊ पडते, म्हणून हवाबंद पॅकिंग लागतं, आणि तिथं प्लास्टिक येतं. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. तेव्हा प्रामाणिक पिच असं असेल: आतली पिशवी अजून प्लास्टिकची आहे, बाहेरचा डबा परत घेतो, आणि पुढच्या वर्षी काय बदलणार ते हे. बांबूच्या ब्रशलाही हाच प्रश्न येतो. दांडा बांबूचा असतो, पण बहुतेक ब्रशचे केस नायलॉनचे असतात. जे सुटलेलं नाही ते आधीच सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

टिकाऊ म्हणजे तपासणीत टिकणारा, हाही अर्थ आहे. शेंगदाण्याला बुरशी लागली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. डिसेंबर 2018 मध्ये अन्न व औषध प्रशासनानं इथल्या एका जुन्या, नावाजलेल्या चिक्की उत्पादकाचं उत्पादन थांबवलं होतं. मुद्दा होता मालाच्या नियमानुसार तपासणीचा. नाव किती जुनं, हे तपासणीत कुणी विचारत नाही.

आणि टिकाऊचा तिसरा अर्थ, ज्यासाठी मी खरं तर आलो. अब्बांनंतर धंदा टिकेल का?

शार्क नेहमी विचारतो, कंपनीत कुणाचा किती हिस्सा? या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरांत 'सगळं सगळ्यांचं आहे' असं असतं. कायदा हे मानत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब अशी एक सोय प्राप्तिकर कायद्यात आहे. मुस्लिम कुटुंबाला ती नाही. एकत्र राहतो, एकत्र राबतो, म्हणून मालमत्ता एकत्र, असं न्यायालय आपल्या बाबतीत धरून चालत नाही. ज्याच्या नावावर दुकान, त्याचं दुकान.

अब्बा वारले, मागे अम्मी, एक मुलगा, एक मुलगी. सुन्नी वारसा नियमानं 24 भाग केले तर अम्मीला 3, मुलाला 14, मुलीला 7. हीसुद्धा कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात मुलीला 'तुझ्या लग्नात दिलं की' असं ऐकवून तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेतली जाते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आणि नियम काटेकोर पाळला तरी आपानं दहा वर्षं चिक्की केली, इन्स्टाग्रामवर ऑर्डरी घेतल्या, त्या कष्टाचा भाग या 24 मध्ये कुठंच नाही.

उपाय अवघड नाही. अब्बा हयात असताना भागीदारीचा करार करा. 1932 चा भागीदारी कायदा आहे, 2008 चा एलएलपीचा कायदा आहे. करारात हिस्से कितीही ठेवता येतात. चौघांचे पंचवीस-पंचवीस टक्के ठेवा, कुणी अडवत नाही. मग आपाचा हिस्सा तिच्या कष्टाचा, तिच्या हयातीतला, तिच्या नावाचा. वारसाहक्काच्या वाटणीत जाईल तो फक्त अब्बांचा हिस्सा. एक कलम विसरू नका: भागीदार वारला तरी फर्म चालू राहील. ते लिहिलेलं नसेल तर कायद्यानं फर्म तिथंच संपते. बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा असेल तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करावी लागते, ती नंतरची पायरी.

कुणी म्हणेल, घरातल्या घरात कसले कागद, विश्वास नाही का? कुराणातली सर्वात मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगते. लिहिणं म्हणजे अविश्वास, असं मानायला तिथंही आधार नाही.

व्याजाबद्दल विचाराल. या बाबतीत आपल्या घरांत मतं वेगवेगळी आहेत आणि निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा. एवढंच सांगतो की एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात ठरलेला वाटा, हा प्रकार आपल्याकडे 'मुदारबा' या नावानं जुना आहे. व्याज नको म्हणून धंदा वाढवला नाही, असं म्हणणाऱ्यांनी हिस्सा देण्याचा रस्ता तरी नीट समजून घ्यावा. त्याची किंमत वेगळी असते: हिशेब दाखवावा लागतो आणि दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

टीव्ही हाच एक दरवाजा नाही. खाण्याच्या छोट्या धंद्यांसाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 मध्ये सुरू झाली. त्यात बँक कर्जाला जोडून 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठेवलं होतं. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. तिथंही प्रश्न तेच असतात: हिशेब दाखवा, परवाना दाखवा, मालक कोण ते दाखवा.

तर या महिन्यात तीन कामं करा. एक, घरातल्या प्रत्येकाचे कामाचे तास तीस दिवस वहीत लिहा, अम्मीचे सगळ्यात आधी. दोन, त्या तासांना मजुरी लावून एका डब्याची, एका पावाची, एका खोलीची खरी किंमत काढा. तीन, ती वही घेऊन अब्बांसमोर बसा आणि हिश्श्याचा विषय काढा. बहिणीला शेजारी बसवा, चहा करायला आत पाठवू नका.

अब्बा पहिल्या दिवशी रागावतील. शार्कपेक्षा ते अवघड गुंतवणूकदार आहेत, कारण त्यांनी सगळं आयुष्य यात घातलंय. म्हणून त्यांच्यापुढे आवाज चढवू नका, आकडे ठेवा. त्यांचे प्रश्न लिहून घ्या. ज्यांची उत्तरं देता आली नाहीत ती शोधून पुन्हा बसा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा मला टीव्हीवर कोण गेलं ते सांगू नका. किती घरांत करारावर सह्या झाल्या आणि त्यात किती सह्या मुलींच्या, ते सांगा.