स्पर्शाने व श्रवणाने पाहण्याचा हक्क



लेणी पाहावयास जाताना घरातील अंध माणसास आपण पायथ्याशी बसवून ठेवतो; "त्याला काय दिसणार?" असे म्हणतो. परंतु पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहात उच्चारलेला शब्द कमानदार छताखाली घुमतो, तेव्हा त्या वास्तूची भव्यता कानांनाही कळते.

हात लागून लागून मूळ शिल्पे झिजतात, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली 'अनुभव' हे दालन उघडले. त्यात शिल्पांच्या प्रतिकृती हातांनी चाचपण्याची, ब्रेल लिपीतील माहितीची व ध्वनिमुद्रित वर्णनाची सोय करण्यात आली.

ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ ने दिव्यांगांचा सांस्कृतिक जीवनाचा हक्क मान्य केला असून, कला त्यांना सुगम करण्याचे कर्तव्य सरकारवर व स्थानिक संस्थांवर टाकले आहे. स्वतः दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, की सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा असून भागणार नाही. ते बंधनकारकच असले पाहिजेत.

म्हणून दयेची याचना करू नका. लेण्यांच्या व्यवस्थापनाकडे प्रतिकृतींची व ध्वनिवर्णनाची लेखी मागणी करा, आणि अर्जाची पोच अवश्य घ्या.