वस्त्र आणि चित्र



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी आपणांस एक चित्र दाखविण्यासाठी उभा आहे. प्रत छापील आहे. मागील रांगांतील मंडळींनी सभेनंतर ती जवळून पाहावी.

एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकन स्त्रीचा रेशमी झगा चित्रकाराने जलरंगांत रेखाटला आहे. आत कोणी नाही. तरी खांद्यांचा उतार आणि कमरेच्या चुण्या पाहून ती बाई आत्ताच उठून गेली असावी, असे वाटते. रेशमाची चमक पांढऱ्या रंगाने आणलेली नाही. तेथे कागदच मोकळा ठेवला आहे. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवून छाया साधली आहे. काखेतला विटका भागही चित्रकाराने लपविलेला नाही. त्या प्रामाणिकपणातच मला या चित्राचे सौंदर्य दिसते.

हे सरकारी काम होते, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकन शासनाने 1935 ते 1942 या काळात जुनी वस्त्रे, खेळणी, भांडी यांची हुबेहूब चित्रे काढण्याचे काम दिले. रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग होते आणि त्याचे रंग टिकण्याची शाश्वती नव्हती. सुमारे 18,000 चित्रे तयार झाली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. या योजनेच्या आद्य प्रवर्तकांपैकी रूथ रीव्हज या विदुषी पुढे 1956 मध्ये भारतात आल्या, येथील हस्तकलांच्या अभ्यासात रमल्या आणि 1966 मध्ये दिल्लीतच निवर्तल्या.

आता घरची गोष्ट. माझ्या आईचे एक इरकली लुगडे होते. ते जीर्ण झाल्यावर त्याची गोधडी शिवली. बदल्यांच्या गावोगावी तिने आम्हां मुलांना ऊब दिली आणि अखेर तीही विरली. परवा मुलीने त्या लुगड्याच्या काठाचा रंग विचारला. मी म्हणालो डाळिंबी. माझी धाकटी बहीण म्हणते वांगी. निवाडा करण्यास आता काहीच उरलेले नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. प्रत्येक घराने पेटीतले एक जुने वस्त्र काढावे. मुलांनी ते समोर ठेवून, डागांसह, रंगवावे. आणि खाली ते कोणाचे, कोठले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. वस्त्र विरेल, सांगणारेही जातील. कागद मात्र मागे राहील.