पावलांचा हिशोब बचत गटाच्या वहीत

मी घाटंजी तालुक्यात सहयोगिनीचं काम करते. गटांच्या बैठका, रजिस्टरं, बँकेच्या चकरा हे माझं रोजचं. पण आज कर्जाचं आणि हप्त्याचं बोलणार नाही. आज चालण्याचं बोलायचं आहे, आणि आपल्या हातातल्या मोबाइलचं.

मागच्या उन्हाळ्यात एका गावात बैठक होती. त्याच दिवशी आशाताई तीस वर्षांवरच्या बायांचे फॉर्म भरायला आल्या होत्या. तुमच्याही गावात हा फॉर्म भरला असेल. तंबाखू खाता का, घरात कुणाला साखरेचा आजार आहे का, कमरेचा घेर किती, असे प्रश्न असतात. त्यातच एक प्रश्न आहे, आठवड्यातून किमान 150 मिनिटं शरीराची हालचाल होते का? तो ऐकून अख्खी बैठक हसली. एक आजी म्हणाल्या, "आठवड्याचं काय विचारून रायली वं बाई, आमचं तर जलमभर हेच चालू हाय!"

हसणाऱ्यांत आमच्या गटाच्या सचिव काकूही होत्या. पाच वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मजुरीला जाणं सोडलं, गटाचं कर्ज काढून शिलाई मशीन घेतली. धंदा छान चालला. त्या दिवशी बोटातून रक्त काढलं तर साखर वाढलेली निघाली. पुढच्या तपासणीतही तेच. काकू रडल्या नाहीत, पण घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "मशीन माह्या पायावर बसली." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी स्वतःला फार पळापळीची बाई समजत होते. दिवसाला चार गावं करते! त्या रात्री मोबाइलमधलं पावलं मोजायचं अ‍ॅप उघडलं. दिवसभराची पावलं 2,300. चार गावं माझ्या स्कूटीने केली होती, मी नव्हे.

आता कुणी म्हणेल, हे तुम्हा बसून काम करणाऱ्यांचं दुखणं. खरं आहे, जी बाई कापूस वेचायला जाते, निंदण करते, डोक्यावर पाणी आणते, तिची हालचाल होते, आणि जागतिक आरोग्य संघटनाही कामातली हालचाल धरते. तिला वर आणखी "फिरायला जा" म्हणणं म्हणजे थकल्या बैलाला रपेट मारायला लावणं. पण वेचणी संपली की काय? फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत कितीजणींना काम असतं? आणि ज्यांनी दुकान टाकलं, पिठाची चक्की घेतली, शिलाई धरली, त्यांचं काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या 14,000 हून जास्त माणसांचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये छापून आला. त्यात शहरात शंभरातले 65 जण पुरेशी हालचाल न करणारे निघाले, आणि खेड्यात 50. म्हणजे खेड्यातही निम्मे. आणि कामाशिवाय, आपल्या तब्येतीसाठी म्हणून काही करणारे दहातला एकही नाही.

मोबाइलवर, नेटवर माणसाला चालतं करणारे कार्यक्रम बरेच आहेत. सरकारचं फिट इंडिया अ‍ॅप 29 ऑगस्ट 2021 ला आलं. ते फुकट आहे, पावलं मोजतं आणि वयाप्रमाणे तब्येतीच्या चाचण्या सांगतं. पण मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती मुंबईतून सुरू झालेली स्टेपॅथलॉन नावाची शर्यत. त्यात कंपन्यांतले लोक पाच-पाच जणांचा संघ करायचे. कमरेला पावलं मोजायचं छोटं यंत्र लावायचं, रोजचा आकडा वेबसाइटवर भरायचा, आणि असं 100 दिवस. 2012 ते 2014 मध्ये भाग घेतलेल्या 69,219 जणांची माहिती तज्ज्ञांनी तपासली आणि 2016 मध्ये छापली. दिवसाला सरासरी साडेतीन हजार पावलं वाढली, वजन सुमारे दीड किलो उतरलं, रोजचं बसणं पाऊण तासाने कमी झालं. आकडे लोकांनी स्वतःच भरलेले होते, हेही ध्यानात ठेवा. आणि अजून एक, त्यात बाया चौघांत एक सुद्धा पुरती नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. पाच जणींचा संघ, ठरलेल्या दिवशी आकडा सांगायचा, सगळ्यांसमोर लिहायचा, कुणी मागे पडली तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं... अहो, हा तर बचत गटच की! फक्त रुपयांच्या जागी पावलं.

मग आम्ही करून पाहिलं, आणि पहिल्यांदा चुकलो. मी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. रोज रात्री प्रत्येकीने आकडा टाकायचा. पहिला आठवडा जोरात. एका ताईंचे एका दिवसात 14,000 झाले, सगळ्या थक्क. नंतर कळलं, तिचा पोरगा फोन हातात धरून हलवत बसला होता, "माय पहिली आली पाहिजे" म्हणून. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ, पावलं कुठेच नाहीत. नेटवरच्या अशा कार्यक्रमांचं हेच पुन्हा पुन्हा होतं, सुरुवातीला हौस, मग गळती.

पण आमच्याकडे कारणं वेगळीही होती. अर्ध्या जणींचा फोन घरधन्याजवळ किंवा पोरांजवळ. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तिघींपैकी एकीनेच कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांत ते निम्म्याहून जास्त. आणि लुगड्याला खिसा नसतो! फोन डब्यावर ठेवून बाई दिवसभर राबली तर त्याच्या लेखी ती झोपलेली. वेचणीत वाकणं, डोक्यावरचं ओझं, हापशी मारणं त्याला कळतच नाही. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीवर बसलं की कधी कधी पावलं वाढतात. म्हणून त्या आकड्याला देव मानू नका. चिंधीची छोटी पिशवी शिवून कमरेला खोचली तर बराच बरोबर मोजतो. आमच्या काकूंनीच अशा पिशव्या शिवून दिल्या, आणि हो, प्रत्येकी पंधरा रुपये घेतले.

दुसऱ्यांदा आम्ही नेटचा नाद कमी केला. फोन फक्त मोजायला. पावलं मोजायला नेट लागतही नाही. हिशोब मात्र गटाच्या वहीत. बचतीच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना आखला. जिच्याजवळ साधा बटनाचा फोन आहे तिने मिनिटं सांगायची. आणि पाच-पाच जणींनी सोबत निघायचं.

ही सोबत सगळ्यात कामी आली. मोठं अडलं होतं ते लोकांच्या नजरेचं. पुरुष फाट्यावर चहाला गेला तर कुणी विचारत नाही, बाई रिकाम्या हाताने रस्त्याने निघाली की पारावरचा प्रत्येक जण विचारतो, "कुठं चालली वं?" एका सुनेने तर पहिले चार दिवस हातात रिकामी बादली घेतली होती, कुणी विचारलं तर सांगायला. पाच जणी झाल्या, बादली घरी राहिली. सासूबाई सहावी आल्या.

दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला, डॉक्टरांकडून नाही. अमेरिकेत सरासरी 72 वर्षं वयाच्या सुमारे 16,700 बायांचा अभ्यास 2019 मध्ये छापला गेला. त्यात दिवसाला 2,700 पावलं चालणारींपेक्षा 4,400 चालणारींत मरण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक राहिला नाही. म्हणून आमच्या गटात ठराव झाला, आज जेवढी तेवढ्यात पुढच्या आठवड्यात रोजची 500 वाढवायची. वेग असा, की शेजारणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, की झाली 150 मिनिटं. एका दमात नाही जमलं तर दहा-दहा मिनिटांनी करा.

आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. उजाडताच निघा, नाहीतर दिवस मावळल्यावर, पण अंधारात नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, डॉक्टरांना विचारा, पदराला गुळाचा खडा बांधा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा आणि दवाखाना गाठा. आणि पावलं मोजणारं अ‍ॅप ओटीपी किंवा बँकेचा नंबर मागू लागलं तर ते तिथल्या तिथे काढून टाका.

काकूंचं विचारताय ना? गोळ्या चालू आहेत, त्या त्यांनी सोडलेल्या नाहीत आणि सोडूही देणार नाही. पहिल्या आठवड्यात वहीत त्यांची 1,700 पावलं होती, परवाच्या बैठकीत 4,100 लिहिली. गुडघे अजून कुरकुरतात. प्रत्येक ब्लाउज झाला की उठून अंगणाला दोन चकरा मारतात, गिऱ्हाईक थांबलेलं असलं तरी. पुढच्या महिन्यात उपकेंद्रात साखर पुन्हा तपासायची आहे, सोबत आम्ही चौघी जाणार आहोत. उपकेंद्र दोन किलोमीटरवर आहे. स्कूटी घरी ठेवणार.

तुमच्या गटाने असा रकाना आखला, तर काय अडलं ते मला याच कार्यक्रमात कळवा.