धुण्याआधी तेल



मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतींत नळाचं पाणी अपुरं पडलं,
की सोसायट्या टँकर मागवतात.
टँकरचं पाणी जड असेल, तर शाम्पूला फेस येत नाही.
केस खरखरीत होतात. विंचरताना टोकं तुटतात.

अशा केसांसाठी उपाय घरातच आहे.
खोबरेल तेल. पण धुतल्यावर नव्हे, धुण्याआधी.

2003 साली मॅरिको कंपनीचे संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.
त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर तपासलं.
प्रथिनांची झीज कमी केली, ती फक्त खोबरेलानं.
त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं.
ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही सांगायला हवं.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानातही तेल आधीच लागतं.

केस धुण्याच्या आदल्या रात्री दोन चमचे तेल कोमट करावं.
तळहातावर पसरून, बोटांनी ते केसांच्या टोकांपर्यंत न्यावं.
टोकं सर्वांत जुनी, म्हणून सर्वांत कोरडी.
सकाळी सौम्य शाम्पूनं धुवावं.
नुसत्या रिठ्यानं कोरडे केस आणखी रुक्ष होतात.
ओले केस टॉवेलनं खसाखसा पुसू नयेत.

पुन्हा सांगायचं, तर तेल धुण्याआधी.

आणि केस पुंजक्यानं गळत असतील,
तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.
त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.