ऋतुसंधी आणि मनाचे आरोग्य

(कुटुंबांसाठी आयोजित व्याख्यानात एका मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



ऋतू पालटण्याची चाहूल लागताच आपले घर तयारीला लागते. वैशाखात वाळवणे होतात, मृगापूर्वी कौले शाकारली जातात, थंडी पडली की डिंकाचे लाडू वळले जातात. शरीराची ही काळजी आपल्या अंगवळणी पडली आहे. मनाच्या वाट्याला मात्र एवढी तयारी येत नाही. "हल्ली त्यांचे कशात लक्ष नसते," असे म्हणून आपण विषय संपवतो. तो तेथे संपू नये, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

आपल्या पूर्वसूरींनी ऋतू आणि आरोग्य यांचा संबंध बारकाईने पाहिला होता. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ऋतुचर्येलाच वाहिलेला आहे. मावळत्या ऋतूचे शेवटचे सात आणि उगवत्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुना क्रम हळूहळू सोडावा आणि नवा हळूहळू अंगीकारावा, असे वाग्भट सांगतात. चरकाचार्यांनी तर औषधी उपचारांच्या जोडीने 'सत्त्वावजय', म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हा स्वतंत्र उपचार मानला. मनालाही आजार होतो आणि त्यावर उपचार असतो, हा विचार आपल्याला परका नाही.

प्रकाशाचे गणित

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन डॉ. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध केले. आपल्या मेंदूत दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते आणि सकाळचा प्रकाश ते रोज जुळवून घेतो. प्रकाश अपुरा पडला की झोपेची वेळ सरकते, उत्साह ओसरतो. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांहूनही कमी असतो. मुंबईतला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा. म्हणून परदेशी गेलेली मुलगी पहिल्याच हिवाळ्यात फोनवर तुटक बोलू लागली, तर तो तिचा आळस किंवा माजोरीपणा समजू नका. तिला सकाळी बाहेर पडायला सांगा आणि उदासी टिकून राहिली तर तेथील डॉक्टरांकडे पाठवा.

आपल्याकडे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. तो आहे आभाळाचा, कोंडल्या घराचा, उष्म्याचा आणि पावसाच्या चिंतेचा.

पावसाळ्यातील एकाकीपण

ज्येष्ठांचे उदाहरण घ्या. पाऊस लागला की पाय घसरण्याच्या भीतीने सकाळचा फेरफटका बंद होतो, कट्टा मोडतो, गुडघे दुखतात आणि दिवस दूरदर्शन संचासमोर जातो. प्रकाश, हालचाल आणि माणसे या तिन्ही गोष्टी एकदमच कमी होतात. उपाय साधे आहेत. उठण्याची वेळ बदलू नये. ढगाळ आकाशाखालीही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक उजेड असतो, म्हणून सकाळी अर्धा तास गच्चीत वा ओसरीवर बसावे. घरातल्या घरात चालावे. मंगळागौर, भजन, पारायण यांच्या निमित्ताने श्रावणात माणसे एकत्र येतात. त्यात आजीला केवळ बसवून ठेवू नये, काहीतरी काम तिच्याकडे सोपवावे.

मात्र उदास वाटणे आणि नैराश्याचा आजार यांतला फरक ओळखला पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, "मी सर्वांना भार झालो" असे शब्द तोंडी येत असतील, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. अशा वेळी "मन घट्ट करा" हा उपदेश पुरत नाही. तो आजाऱ्याच्या मनात अपराधीपणाची भर घालतो.

उन्हाळा, उपवास आणि औषधे

उन्हाळ्यात झोप तुटते, चिडचिड वाढते. ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याचा आजार आहे, त्यांच्या बाबतीत झोप कमी होणे ही धोक्याची पहिली घंटा असू शकते. यांपैकी अनेकांना लिथियम दिले जाते. घामावाटे पाणी आणि मीठ कमी झाले की या औषधाचे रक्तातील प्रमाण घातक पातळीवर जाऊ शकते. हात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. अशा रुग्णाने निर्जळी उपवास करू नये. आजारी माणसाला व्रतातून सूट असते, हे आपल्या घरांतील वडीलधारेही सांगत आले आहेत. आणखी एक गोष्ट: हवा पालटली, बरे वाटू लागले, म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

कार्यकर्त्याचे काम

ग्रामीण भागात ऋतूचा ताण थेट पोटाशी जोडलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके आणि शेतांतली मातीही वाहून गेली. अशा घरी धान्य घेऊन जाणाऱ्याने अर्धा तास बसून ऐकावे. शंका आली तर "जीव नकोसा झाला आहे का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. होकार मिळाला तर त्या माणसाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवावीत आणि उपचारापर्यंत सोबत जावे. शासनाची १४४१६ ही 'टेली मानस' दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य चालू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

संपर्क ही आपली जुनी सवय आहे. ओळखीच्या घरी विनाकारण डोकावणे, ख्यालीखुशाली विचारणे, न दिसणाऱ्या माणसाची चौकशी करणे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. येत्या ऋतुसंधीच्या पंधरवड्यात प्रत्येकाने अशी दोन घरे निवडावीत, जेथील माणूस अलीकडे दिसेनासा झाला आहे. जावे, बसावे, ऐकावे आणि गरज असेल तर त्याचा हात धरून डॉक्टरांकडे न्यावे. एवढे केलेत, तर आजचे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.